इंगोल्यांच्या गाडीची हलकी चाकं

चाकं हलकी पाहिजेत, ही गोष्ट चंद्रभान इंगोल्यांच्या डोक्यात शिरली ती मुर्तिजापूरच्या अलीकडच्या एका खड्ड्यातून. खड्डा तसा जुनाच. रोज सकाळी अमरावतीहून अकोल्याला जाताना आणि संध्याकाळी परतताना इंगोले त्याला वळसा घालून रीतसर मान देत असत. त्या दिवशी समोरून कापसानं फुगलेला ट्रॅक्टर आला, मान द्यायला जागाच उरली नाही, आणि त्यांची पांढरी मारुती त्या खड्ड्यात अशी उतरली की मागच्या सीटवर रोज सोबत येणाऱ्या बेबीताईंच्या मांडीवरचा डबा पुढे बसलेल्या धर्मपालच्या मानेवर आला. डब्यात भरीत होतं. धर्मपाल दिवसभर भरताच्या वासानं ऑफिसात हिंडला.

अकोल्याच्या मेकॅनिकनं चाकं हवेत फिरवून दाखवली. पुढची दोन वाकली होती आणि मागची दोन वाकण्याच्या विचारात होती. "चारही बदला," तो म्हणाला. इथपर्यंत प्रकरण साधं होतं. चार लोखंडी चाकं घ्यायची, बसवायची आणि कामाला लागायचं. पण मान पुसत धर्मपाल तिथं उभा होता.

"लोखंडाचे कायले घेता, इंगोलेसाहेब?" तो म्हणाला. "आता अलॉयचे येतात. हलके फूल. चाकातलं एक किलो कमी झालं की गाडीतलं चार किलो कमी झाल्यासारखं असते. रोजचं जाणंयेणं तुमचं. पेट्रोल पाहा, गाडीच्या स्प्रिंगा पाहा, कमरेचा विचार करा."

हा धर्मपाल टेलिफोन ऑफिसात होता. अंगानं काडी, पण माहितीनं भारी. कोणत्याही विषयावर त्याला काहीतरी ठाऊक असायचंच, आणि ते तो अशा खात्रीनं सांगायचा की ऐकणाऱ्याला आपण इतके दिवस कसे जगलो याचंच नवल वाटावं. इंगोल्यांचं म्हणाल तर ते एका सरकारी कचेरीत आकड्यांच्या टेबलावर होते. ते दिवस वऱ्हाडात समित्यांचे होते. कापूस पिकवणाऱ्याचं नेमकं कुठं बिघडलं हे पाहायला मुंबईहून समिती यायची, दिल्लीहून यायची, आणि प्रत्येक समितीला तेच आकडे वेगळ्या रकान्यांत लागायचे. ते रकाने इंगोले भरत. त्यामुळे माणसावर नसेल इतका त्यांचा आकड्यावर विश्वास होता. एका किलोचे चार किलो, हे त्यांच्या मनात जाऊन बसलं ते उठेचना.

घरी त्यांनी बायकोला, आरतीबाईंना, हे गणित समजावलं. आरतीबाई शाळेत गणितच शिकवत, म्हणून त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं.

"चाकं हलकी करून राहिले ते ठीक आहे," त्या म्हणाल्या, "पण गाडीत तुमी काय काय भरून नेता ते एकदा पाहा ना."

शेजारच्या गोदाबाई कुंपणापलीकडून ऐकत होत्या. त्यांनी वेगळीच शंका काढली. "हलकी चाकं वाऱ्यानं फिरत त नाई ना जी? उन्हाळ्यात आपल्याकडं वारा लय सुटते. गाडी उभी केली की दगड लावत जा." इंगोल्यांनी दोघींचंही ऐकलं नाही. मोठं काम करणाऱ्यानं घरच्यांचं आणि शेजारच्यांचं ऐकायचं नसतं, असं त्यांना त्या आठवड्यात वाटू लागलं होतं.

चाक हलकं घ्यायचं तर आधी जुनं किती जड आहे ते कळायला हवं. एक जुनं चाक काढून इंगोल्यांनी ते कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात नेलं आणि ज्वारीच्या पोत्यांच्या काट्यावर चढवलं. दुकानदारानं सवयीनं विचारलं, "पिशवी आणली का?" चाक चांगलंच जड भरलं. इंगोल्यांना फार आनंद झाला. आपल्या वस्तूचं वजन जास्त भरलं म्हणून त्या दुकानातून खूश होऊन बाहेर पडलेलं ते पहिलंच गिऱ्हाईक असावं.

आता नवी चाकं मोजायला काटा हवा. दुकानात चाकाचं वजन कुणी लिहून ठेवत नाही. म्हणून इंगोले वलगावला सासुरवाडीत गेले. सासरे किसनराव आणि सासूबाई मैनाबाई यांच्याकडे कापूस मोजायचा ताणकाटा होता. वेचणीच्या दिवसांत संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर बाया आपापली गाठोडी घेऊन बसतात, बाभळीच्या फांदीला काटा टांगतात, आणि ज्या बाईनं जेवढा वेचला तेवढा तिच्या नावावर लागतो. तो हा काटा. एक वरचा आकडा, एक खालचा आकडा आणि मध्ये स्प्रिंग.

"चाकं मोजाले?" किसनरावांनी तीनदा विचारलं. मग म्हणाले, "माह्या दमणीचे, बसायच्या गाडीचे, चाकं हलके होते. पोरं पाठीमागं पळत जायचे. पण जवाईबापू, त्याले बैल होते." यातून काय घ्यायचं ते इंगोल्यांना कळलं नाही, पण सासऱ्यांचं बोलणं आहे म्हणून त्यांनी मान डोलावली आणि काटा पिशवीत घातला.

अकोल्याच्या दुकानात भिंतभर चाकं टांगलेली होती. पंख्याची, कमळाची, कोळ्याच्या जाळ्याची. गिऱ्हाईकं येत, चाकात आपला चेहरा पाहत आणि पसंत करत. इंगोल्यांनी शटरच्या कडीला ताणकाटा अडकवला आणि एकेक चाक लटकवायला सुरुवात केली. "साहेब, आमी नगानं विकतो, किलोनं नाई," दुकानदार म्हणाला. इंगोले ऐकायच्या पलीकडे गेले होते. बघ्यांचं कडं जमलं. त्यातला एक हातगाडीवाला पुढे आला आणि आदबीनं म्हणाला, "दादा, भंगार कोणत्या भावानं घेऊन राहिले?" सरकारी कचेरीतल्या, इस्त्रीचा शर्ट घातलेल्या माणसाला असं विचारावं, हे इंगोल्यांच्या मनाला लागलं. त्यांनी पाठ फिरवून पुढचं चाक लटकवलं. हातगाडीवाल्याला वाटलं, भाव लपवून राहिला.

सगळ्यांत हलकं भरलं ते नेमकं दुकानातलं सगळ्यांत चमकदार चाक, चांदणीच्या आकाराचं. इंगोल्यांचा स्वभाव चमकण्याचा नव्हता. लग्नातसुद्धा त्यांनी फेटा लवकर काढला होता. पण आकडा तो आकडा. जुन्या चाकापेक्षा ते इतकं हलकं होतं की धर्मपालनंही काटा दोनदा वाचला. चारही चाकं बसली, जुनी डिकीत गेली, आणि दुकानातून निघून कोपऱ्यावर वळताच धर्मपाल म्हणाला, "पाहा. फरक जाणवून राहिला का नाही?" इंगोल्यांना जाणवला. हवा तो फरक माणसाला जाणवतोच.

अमरावतीच्या जकात नाक्यावर गाडी अडली. रोज हात दाखवून सोडणारा कारकून आज उठून बाहेर आला, कारण चाकं लांबूनच दिसली होती.

"नवीन चाकं शहरात आणून राहिले," तो म्हणाला.

"आणून नाही राहिलो. त्याच्यावर बसून येऊन राहिलो," इंगोले म्हणाले.

कारकून विचारात पडला. गाडीला लागलेलं चाक हा माल नव्हे, हे त्याला पटलं. मग त्यानं डिकी उघडायला लावली. आत चार वाकडी चाकं होती. "हे मात्र माल झालं," तो समाधानानं म्हणाला. ही माझीच आहेत, सकाळी याच नाक्यावरून याच गाडीखाली गेली होती, हे इंगोल्यांनी अनेक प्रकारे सांगितलं. कारकून म्हणाला, सकाळी ती गाडी होती, आता ती माल आहे. वरिष्ठांना विचारलं, वरिष्ठ जेवायला गेले होते. शेवटी इंगोल्यांनी आपल्याच वाकड्या चाकांची जकात भरली आणि पावती घेतली. सरकारी माणसाला सरकारी माणसानं असं नाडावं, याचं त्यांना चाकांपेक्षा जास्त दुःख झालं.

इथपर्यंत झालेलं सगळं हसण्यासारखं होतं, आणि गाडीतले सगळे हसलेही. खरं बिघडलं ते पुढे.

आधी गाडीतली माणसं सांगायला हवीत. धर्मपाल पुढच्या सीटवर. मागे डावीकडे बेबीताई, पोस्टातल्या. देहानं भरलेल्या, मनानंही तशाच. सगळ्यांसाठी डबा त्या आणत, आणि तो चार जणांना पुरून कचेरीतल्या शिपायालाही उरत असे. मागे उजवीकडे बद्रुद्दीनभाई. त्यांचं अकोल्यात बटणं आणि लेसचं दुकान होतं आणि घर अमरावतीत. त्यांच्या पायाशी कायम बटणांचं एक पोतं असे. शिवाय या रस्त्यावर गाडी रोज जाते म्हटल्यावर ती इंगोल्यांची एकट्याची राहिली नव्हती. वऱ्हाडात कोणी गावाला निघालं की हातात काहीतरी येतंच. "जाऊनच राहिले त एवढं घेऊन जा." कुणाच्या लेकीला तुरीची डाळ, कुणाच्या भावाला शेंदूरजनाघाटच्या संत्र्यांची करंडी, एकदा तर पाळणा. इंगोल्यांनी आजवर कधी नाही म्हटलं नव्हतं.

आता ते म्हणाले. हलक्या चाकांनी वाचवलेलं वजन जर बटणांत आणि डाळीत जाणार असेल तर उपयोग काय? एका सोमवारी त्यांनी जाहीर केलं की यापुढे गाडीत फक्त माणसं येतील, सामान नाही.

"इंगोलेसाब," बद्रुद्दीनभाई हसत म्हणाले, "बटनाले काय वजन असते? हवा आहे, हवा. त्याले तर भोकं पण असतात."

"पोतं उचलून पाहा," इंगोले म्हणाले. बद्रुद्दीनभाईंचं हसू थोडं कमी झालं. दुसऱ्या दिवशीपासून पोतं एसटीनं जाऊ लागलं. बद्रुद्दीनभाई मात्र गाडीतच बसले, पण पाय ठेवायला इतकी जागा झाली की त्यांना ते पाय कुणा दुसऱ्याचे वाटू लागले.

आणि मग बुधवारी सकाळी इंगोल्यांनी ती गोष्ट केली. ताणकाटा अजून डिकीतच होता. तो काढून, सगळ्यांच्या देखत, त्यांनी बेबीताईंचा डबा त्याला लटकवला. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. आकडा कळावा एवढंच होतं.

बेबीताई पुढे आल्या. त्यांनी डबा काट्यावरून काढला, पदरानं पुसला आणि मग म्हणाल्या, "आज डबा लटकवला, उद्या मले लटकवसान. माह्यासाठी त फांदी बी मजबूत लागन."

"तसं नाही, बेबीताई..."

"इतके वर्षं खाल्लं तवा नाई मोजलं," त्या म्हणाल्या आणि बस स्टँडकडे चालू लागल्या. बद्रुद्दीनभाईंनी इंगोल्यांकडे पाहिलं, "बहनजीला एकटं कसं जाऊ द्यायचं," म्हणाले आणि मागोमाग निघाले. धर्मपाल थोडा वेळ उभा राहिला. त्याच्याकडे या प्रसंगावर कोणतीच माहिती नव्हती. मग तोही गेला.

त्या दिवसापासून इंगोल्यांची गाडी खरोखर हलकी झाली. पेट्रोल कमी लागायला लागलं, चढावर गियर बदलावा लागेना. हे सांगावं असं वाटून ते बाजूला वळत तर सीटवर कोणी नसे. बडनेरा मागे पडलं की पूर्वी बेबीताईंचं पोस्टातल्या साहेबांचं गाऱ्हाणं सुरू व्हायचं आणि मुर्तिजापूरला डबा उघडायचा. आता मुर्तिजापूर नुसतंच येऊन जायचं. इंगोल्यांना घरात, कचेरीत, कुठंच फारसं बोलता येत नसे. बोलणं त्यांना जमायचं ते या गाडीत, रस्त्याकडे पाहत. ते गेलं तेव्हा त्यांना फार एकटं वाटू लागलं. पण जाऊन माफी मागावी तर मान आडवा येत होता, आणि आकडा आपल्या बाजूनं आहे हा आधार अजून होता.

तोही आधार रविवारी गेला. काटा परत करायला ते वलगावला गेले आणि मैनाबाईंना त्यांनी अभिमानानं सांगितलं की जुनं चाक किराणा दुकानात एवढं भरलं होतं आणि नवं या काट्यावर एवढंच भरलं.

मैनाबाईंनी तोंडाला पदर लावला. "अवं जवाईबापू, हा काटा कमीच दाखवते. माह्या सासऱ्याच्या काळापासून त्याची स्प्रिंग अशीच हाये. मालकाकडूनचा काटा हाये ना. म्हणून त मी दर बाईच्या गाठोड्याले आकड्यापेक्षा थोडं जास्तच धरतो. अन् किराणावाल्याचा काटा कोणाकडून असन, तुमीच सांगा."

इंगोले ओट्यावर बसले. विकणाऱ्याचा काटा जास्त दाखवतो, घेणाऱ्याचा कमी दाखवतो, हे जिल्ह्यात पोराटोरांनाही ठाऊक होतं. वर्षानुवर्षं आकडे भरणाऱ्या माणसानं जुनं चाक एका काट्यावर घातलं होतं आणि नवं दुसऱ्यावर. मैनाबाईंनी दोन्ही चाकं, सोनाराचा काटा सोडून, कुठल्याही एकाच काट्यावर घालायला सांगितली. तसं केलं. फरक नव्हता. असला तर नवंच जरा जड होतं. म्हणजे भरीत गेलं, गप्पा गेल्या, माणसं गेली, आणि मिळालं काय तर चार चांदण्या.

मंगळवारी मुर्तिजापूरच्या पुढे रस्ता बंद होता. कापसाच्या भावासाठी गावकऱ्यांनी बैलगाड्या आडव्या लावल्या होत्या. दोन्हीकडे ट्रक आणि एसट्यांची रांग. इंगोले रांगेत थांबले, तर उन्हात त्यांची चाकं अशी काही चमकली की लोक वळून पाहू लागले. त्या दिवशी एक समिती येणार अशी बातमी होती. पांढरी गाडी, चांदीसारखी चाकं आणि आत इस्त्रीचा शर्ट घातलेला एकटा माणूस. एकट्यासाठी एक गाडी, म्हणजे साहेबच.

लोकांनी वाट करून दिली. कोणी ओरडलं नाही. जानराव नावाचे एक वयस्कर गृहस्थ पुढे आले, त्यांनी दार उघडलं आणि इंगोल्यांना रस्त्याकडेच्या मांडवात नेऊन खुर्चीवर बसवलं. चहा आला.

"मी साहेब नाही हो," इंगोले म्हणाले. "मी अकोल्याला कचेरीत साधा..."

"मागचे साहेब बी असंच म्हणाले," जानराव समजुतीनं म्हणाले. "त्याच्या मागचे बी. तुमी बसा. आमी सांगतो, तुमी ऐका."

आणि त्यांनी सांगितलं. पाऊस कधी आला, कधी गेला, बोंडं कशी काळी पडली, गाडी घेऊन बाजारात किती दिवस मुक्काम करावा लागतो. इंगोल्यांना सगळं माहीत होतं. त्यांनीच ते भरलेलं होतं, रकान्यारकान्यांनी, सुवाच्य अक्षरात. पण सांगणाऱ्याचं तोंड त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. आता त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. ही माणसं आपल्याकडून काहीतरी होईल म्हणून आशेनं पाहत आहेत आणि आपण त्यांच्यासमोर खोट्या चाकांवर येऊन बसलो आहोत, याची त्यांना मनापासून लाज वाटली.

"आता दोन शब्द बोला," जानराव म्हणाले. सगळे पुढे सरकून बसले. इंगोले उभे राहिले. 

तेवढ्यात मांडवाच्या कडेनं ओळखीचा आवाज आला. "अवं, हे काय करून राहिले तिथं?"

मागच्या रांगेत अडकलेल्या एसटीतून उतरून बेबीताई पायी पुढे आल्या होत्या. मागे पोतं खांद्यावर घेतलेले बद्रुद्दीनभाई आणि बेबीताईंची पिशवी धरलेला धर्मपाल.

"समितीचे साहेब हायेत," कुणीतरी सांगितलं.

"हे?" बेबीताई म्हणाल्या. "हे कायचे साहेब? हे आमचे डायवर हायेत."

मांडवात कुजबुज झाली. इंगोल्यांचा आयुष्यभर जपलेला मान त्या एका वाक्यात गेला, आणि त्यांना इतकं हलकं कधी वाटलं नव्हतं.

"डायवर इतक्या चमकत्या गाडीत एकटा कसा?" जानरावांनी विचारलं.

"आमीच रुसलो होतो त्याच्यावर," बद्रुद्दीनभाई म्हणाले. "गल्ती त्याची होती, पण आदमी अच्छा आहे."

जानरावांचा विश्वास बसेना. तेव्हा बेबीताई सरळ गाडीकडे गेल्या, मागचं दार उघडलं आणि आपल्या जागेवर बसल्या. गाडी डावीकडे झुकली. बद्रुद्दीनभाईंनी पोतं आपटलं आणि त्यावर पाय ठेवले. गाडी सरळ होऊन आणखी खाली गेली. धर्मपाल पुढे बसला. जानरावांनी गाडीभोवती एक फेरी मारली, वाकून चाकं पाहिली, मग आत दाटीवाटीनं बसलेली माणसं पाहिली. बाजूच्या बैलगाडीत त्यांनी कुणाला तरी हाक मारली. एक पोतं आलं.

"तुरीचं हाये," ते म्हणाले. "माही लेक अकोल्याले असते, जठारपेठेत. जाऊनच राहिले त एवढं घेऊन जा."

साहेबाच्या गाडीत कोणी पोतं टाकत नाही. इंगोल्यांनी खाली उतरून स्वतः डिकी उघडली आणि पोतं उचलायला हात लावला. ते किती किलोचं आहे, हे त्यांनी विचारलं नाही. "पत्ता सांगून ठेवा," ते म्हणाले. गावकऱ्यांनी दोन बैलगाड्या बाजूला घेतल्या आणि एवढीच गाडी सोडली.

 खड्डा आला की मागचं टायर पत्र्याला घासून खर्रर आवाज करी.

"बेबीताई," इंगोले रस्त्याकडे पाहत म्हणाले, "चाकं हलकी नाहीतच. काटा चुकला. आन् मीही चुकलो."

"मले त पयल्याच दिवशी शंका आली होती," धर्मपाल म्हणाला.

बेबीताईंनी पिशवीतून डबा काढला आणि मागून हात लांब करून इंगोल्यांच्या नाकासमोर धरला. भरीतच होतं. "घ्या," त्या म्हणाल्या. "आधी अंदाजानं वजन सांगा, मंगच खा."

इंगोल्यांनी डाव्या हातानं डबा धरला, थोडा तोलल्यासारखा केला. "लय भरलं," ते म्हणाले, आणि गाडी पुढे खरखरत अकोल्याकडे गेली.